चला, पेठच्या बाजाराला

आधी चप्पल काढा. फोन, घड्याळ, पाण्याची बाटली, गॉगल, सगळं इथेच ठेवा. चष्म्याशिवाय दिसतच नसेल तर तो राहू द्या, पण मग दिवसभर तुमच्यामागे पोरांची रांग लागेल, त्याची तक्रार करायची नाही. पैसे घ्यायचे असतील तर रुपया-आण्यात घ्या. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, एवढा हिशेब येत असला की झालं. खरं तर पैशांपेक्षा दोन पायली नागली, म्हणजे नाचणी, घेतलीत तर तुमचा भाव जास्त वधारेल.

जायचंय नाशिकच्या पश्चिमेला, पेठला. साल 1885 च्या आसपासचं कुठलंही चालेल, फक्त बाजाराचा दिवस वाघबारशीला आलेला पाहिजे. म्हणजे आश्विन वद्य द्वादशी. तुम्ही त्या दिवसाला वसुबारस म्हणता आणि गाय-वासराची पूजा करून मोकळे होता. पेठच्या डोंगरात त्याच गाई-वासरांना खाणाऱ्याचीही पूजा होते. तो विषय रात्री.

डोळे उघडण्याआधी नाक जागं होईल. चुलीचा धूर, ओलं शेण, गोठ्यातली ऊब आणि या सगळ्यावर मोहाच्या तेलाचा जड वास. तुम्ही कोकणा आदिवासी कुटुंबाच्या घरात, सारवलेल्या जमिनीवर झोपला आहात. भिंत कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीचा लेप. जिथे लेप उडालाय तिथून पहाटेचा वारा नेमका तुमच्या मानेवर येतोय. जातं घरघरतंय आणि घरातली डोसी, म्हणजे म्हातारी आजी, तुमच्या डोक्यापासून हातभर अंतरावर बसून दळतेय. तुम्ही कूस बदललीत काय आणि न बदललीत काय, तिला सारखंच. पाहुण्याला झोपू द्यावं ही पद्धत सुगीत परवडत नाही.

नागलीची भाकरी काळपट, गरम, जिभेला किंचित खरखरीत लागते. तिच्यावर खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. पहिला घास घशात अडकेल. दुसऱ्याला पाणी मागाल. तिसऱ्यापासून मागे वळून बघणार नाही.

गाडी जुंपलेली आहे, पण लगेच चढायला जाऊ नका. गाडीत बसायचा मान ठरलेला असतो: आधी नागलीची पोती, मग पाय बांधलेल्या कोंबड्या, मग डोसी, मग कडेवरची पोरं. उरलेले चालतात. बाई पुढे, पाठीला बाळ आणि डोक्यावर टोपलं. लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत कसलेला, खांद्यावरून फडकी. पुरुष बैलांच्या बाजूने, खांद्यावर कुऱ्हाड. कुऱ्हाड कशाला, असं विचारू नका. रान आहे.

आणि रान असं की तुम्ही पावलागणिक थांबाल. पावसाळा नुकताच सरलाय. सागाची पानं थाळीएवढी झालीत आणि त्यांच्यावरून दंव टपटपतंय, पाऊस पडल्यासारखं. गवत कमरेएवढं, चार पावलांत धोतर मांडीपर्यंत भिजतं. वाटेवर आडव्या ताणलेल्या कोळ्यांच्या जाळ्या पहिल्या चालणाऱ्याच्या तोंडावर बसतात, म्हणून पाहुण्याला आदराने पुढे घातलंय हे तुमच्या उशिरा लक्षात येईल. मग एकदम झाडी संपते आणि समोरची अख्खी टेकडी पिवळी. खुरासणी फुललीय. उतारावर वर खुरासणी, खाली नागलीची तपकिरी कणसं, आणखी खाली खाचरात हळव्या भाताची कापलेली खुंटं. तुम्हाला फोटो काढावासा वाटेल, हात कमरेशी जाईल आणि तिथे करगोट्याशिवाय काही नसेल.

दमणगंगा उतरायची आहे. अजून तिचं बालपण चाललंय, पाणी गुडघ्याच्या थोडं वर आणि हाडं गोठतील असं गार. बैल मध्यावर थांबून निवांत पाणी पितात, गाडीवान त्यांना अजिबात हाकत नाही. पोरं उड्या मारतात. डोसी गाडीतून हात खाली सोडून पाणी डोळ्यांना लावते. घरदार मिळून कुठे निघाल्याचा आनंद तुम्ही ‘सहल’ या नावाने ओळखता. इथे त्याला बाजाराला जाणं म्हणतात. नाव काही असो, पोरं तेवढीच उधळतात आणि बापही घरी ओरडतो त्यापेक्षा इथे निम्मंच ओरडतो.

पुढे वाटेला वाटा येऊन मिळतात. हरसूलच्या अंगाच्या गाड्या, पायी निघालेले घोळके, नाशिकहून सावळघाटातून रात्रभर चालत आलेले व्यापारी आणि त्यांची लादलेली तट्टं. खाली धरमपूर-वलसाडकडून वर आलेल्या गाड्या मिठाच्या, आणि त्यांच्या मागे तो वास. सुकट! समुद्र कित्येक कोसांवर आहे, तरी बाजार दिसण्याआधी बोंबील तुम्हाला भेटतो. त्याच्या पाठोपाठ आवाज येतो: बैलांच्या घंटा, कोंबड्यांचा कालवा, लोहाराचा घण, आणि शेकडो माणसं एकाच वेळी घासाघीस करत असल्याचा गुंजारव.

बाजारात शिरलात की आधी मिठाकडे जायचं. सगळे तिकडेच जातात. खडेमिठाचे ढीग गोणपाटावर ओतलेत, ओलसर, मातकट. बाई टोपल्यातली नागली मापट्याने घालते, व्यापारी त्याच्या मापाने मीठ घालतो. दोन्ही मापांकडे नीट बघा. बाईचं मापटं शिगोशीग भरलेलं, व्यापाऱ्याचं कडेला जरा आत. तीही बघतेय. ती हात पुढे करून त्याच्या ढिगातला एक मोठा खडा उचलून आपल्या टोपलीत टाकते, तो ‘अगं अगं’ करतो, ती ऐकल्यासारखंही करत नाही. हा खडाही सौद्यातच धरलेला असतो, असा माझा तरी अंदाज आहे.

आता ज्यासाठी तुम्हाला आणलं तिकडे. चिंचेच्या सावलीत बांबूचं काम मांडलंय. सुपं एकात एक रचलेली. टोपल्या, डालगी, पाट्या, मासे धरायचे सापळे, माणूस आत उभा राहील एवढी कणगी आणि तिच्याआड बसून विणणारा म्हातारा. कोयत्याच्या एका टोल्यात बांबू उभा चिरला जातो, कागद फाटल्यासारखा आवाज होतो, आणि मग तो पायाच्या अंगठ्यात टोक धरून कामट्या काढत जातो. कामट्या इतक्या पातळ की उन्हात धरल्या तर पलीकडचा उजेड दिसावा. ताज्या चिरलेल्या बांबूला कोवळ्या काकडीसारखा हिरवा, पाणचट वास असतो. त्या वासात तुम्ही तासभर उभे राहिलात तरी कोणी हटकणार नाही. बोटांकडे मात्र बघा. नखं जाड, शिंगासारखी, आणि तळव्यावर बारीक चिरांचं जाळं.

तुम्ही एक सूप उचलाल, कौतुकाने फिरवाल आणि मनात म्हणाल, दिवाणखान्याच्या भिंतीवर काय छान दिसेल. तेवढ्यात तुमच्या हातातून ते डोसी ओढून घेते. आधी उलटं करून पाठ बघते. बांबूची पाठ, म्हणजे वरची हिरवी साल, टिकाऊ असते आणि पोटाची कामटी लवकर झिजते. कारागिराने कुठे पोट खपवलंय का, हे ती अंगठा फिरवून शोधते. मग काठ वाकवते. मग कमरेची गाठ सोडून मूठभर नागली सुपात टाकते आणि दोनदा पाखडते. नागलीचा दाणा मोहरीएवढा. विणीत जरा फट असली तर जमिनीवर चारदोन दाणे पडणारच. पडतात. डोसी काही बोलत नाही, सूप ढिगावर ठेवते. म्हाताराही काही बोलत नाही, आतून दुसरं काढून देतो. पहिलं सूप तुमच्यासारख्यांसाठी वर ठेवलेलं होतं.

मग प्रश्न येतो, बांबू कधी तोडला? अंधाऱ्या पाखातला असेल तर घेणार, चांदण्यातल्या बांबूला कीड लागते असं इथे सगळे मानतात. म्हातारा शपथेवर अंधार सांगतो. पाठोपाठ मान वळवून रस्त्याकडे बघतो. जंगलाच्या नव्या कायद्याला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत, आणि बांबू कधी तोडला यापेक्षा कुठून तोडला हा प्रश्न त्याला जास्त नकोसा आहे. नाकेदार बाजारातच फिरतोय. त्यालाही टोपली हवीय. ती त्याला फुकट मिळेल.

पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात तुम्ही हीच टोपली पाहिलेली असते. खाली पाटी, पाटीवर जमातीचं नाव, वर दिवा सोडलेला. मला त्या प्रदर्शनांचा राग नाही, तिथून कारागिराला चार पैसे मिळतात. पण तिथे टोपलीची कोणी परीक्षा घेत नाही. इथे प्रत्येक वस्तू वर्षभर रोज हाणली जाणार आहे, आणि घेणारी बाई ते मनात धरूनच ती वाकवते, ठोकते, हुंगते. कणगी घेतली तर घरी जाऊन ती शेणमातीने आतबाहेर सारवणार, तेव्हा कुठे नागली तिच्यात थांबणार. म्हणजे अर्धं काम कारागिराचं, अर्धं गिऱ्हाइकाचं.

दोन गोष्टी शोधू नका, मिळणार नाहीत. एक, वारली चित्रं. ती तिकडे खाली, वारल्यांच्या घरात, लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात आणि पुढे धुराने ती काळी पडली तरी कोणाला हळहळ वाटत नाही. कागदावर उतरून ती जगभर जायला अजून नव्वदएक वर्षं आहेत, ती तिथवर नेणारे चित्रकार जिव्या सोमा मशे यांचा जन्मही व्हायचाय. दुसरी, बोहाड्याचे, म्हणजे सोंगं नाचवायच्या उत्सवाचे मुखवटे. रावण, गणपती, मारुती, राक्षस हे सगळे होळीनंतर नाचतील. आत्ता ते कोणाच्या तरी माळ्यावर, उंदरांपासून जपत, टांगलेले आहेत. विकत मागितलेत तर लोक हसतील. मुखवट्याचा मान घराण्याचा असतो, तो बाजारात कसा येईल?

कुंभाराकडे लवकर चला, पणत्या संपतात. बोटाच्या मागच्या हाडाने मडकं वाजवायचं. ‘टण्ण’ झालं तर घ्या, ‘थप्प’ झालं तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. सगळा कुंभारवाडा दिवसभर टणटणत असतो. शेजारी देशावरून आलेला धनगर घोंगड्या पसरून बसलाय. हात लावा, टोचेल. चिंचोक्याची खळ दिलेली नवी घोंगडी लाकडासारखी ताठ, उभी केली तर उभी राहते. उन्हात तिला मेंढीचा असा उग्र वास येतो की पलीकडचे बोंबील नम्र वाटू लागतात. पण इथला थंडीचा कडाका तुम्ही पहाटे मानेवर घेतलाय. पोराच्या बापाने एक घोंगडी खांद्यावर टाकून पाहिली, किंमत ऐकली, घडी घालून परत ठेवली. पुढच्या बाजाराला बघू, असं तो बायकोला म्हणत नाही, बैलाला म्हणतो.

ऊन आता डोक्यावर. आश्विनातलं ऊन, पावसाने धुतलेल्या हवेतून सरळ खाली उतरतं आणि टाळू भाजतं. घसा सुकतो. पोरं रडकुंडीला येतात, मग त्यांच्या हातावर फुटाणे आणि गोडी शेव पडते. तुम्हीही घ्या. गुळाचा पाक बोटांना चिकटेल, त्यावर माश्या बसतील, त्यावर धूळ. बाजाराच्या कडेला एक माणूस भर उन्हात घोंगडी गुंडाळून कुडकुडत बसलाय, दात वाजताहेत. हिवताप. पावसाळा संपला की पेठच्या डोंगरात तो घरोघरी येतो, म्हणून बाहेरचे व्यापारी इथे रात्र काढायला बिचकतात. लोक त्या माणसाला पाणी देतात आणि वळसा घालून पुढे जातात. हे रम्य ऋतूचं दुसरं तोंड आहे आणि ते बघितल्याशिवाय परत जाऊ नका.

बायकांचा घोळका कुठे दाटलाय तिकडे शिरा. बांगड्यांचा किणकिणाट, मण्यांच्या माळा, आणि गोंदणारी. तिने चारपाच सुया एकत्र बांधल्यात, दिव्याची काजळी कालवलीय आणि तिच्यासमोर बारातेरा वर्षांची पोर कपाळ पुढे करून बसलीय. टोच, टोच, टोच. पोरीची आई तिचे हात धरून आहे, मावशी काहीतरी पाचकळ सांगून हसवतेय, आणि पोर रडता रडता हसतेय. रक्ताचे बारीक थेंब फडक्याने टिपले जातात. मेल्यावर सोबत एवढंच येतं, सोनंचांदी इथेच राहतं, असं डोसी तुम्हाला आपल्या हिरव्या पडलेल्या मनगटावर बोट ठेवून सांगेल. मग तिची गाडी मागे जाते. बेगमसाहेबांच्या वेळचा बाजार कसा होता ते ऐका. पेठच्या शेवटच्या बेगम 1878 मध्ये गेल्या आणि संस्थान सरकारजमा झालं, पण डोसीच्या लेखी तेव्हापासून फरक एवढाच पडला की गूळ महागला.

निघण्याआधी एकच खरेदी उरलीय आणि ती सगळ्यात जास्त वेळ खाते. पावरी. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, सांधे मधमाशीच्या मेणाने लिंपलेले, वर मोरपिसं. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव आहे. माणसं व्रत धरतील, गावोगाव फेर धरून नाचतील, घुंगूरकाठ्या आपटतील, आणि पौर्णिमेला डोंगरावर चढतील. त्या फेराच्या मध्यभागी ही पावरी रात्रभर वाजत राहिली पाहिजे. म्हणून घेणारा ती वाजवूनच बघतो. गाल फुगतात, भोपळा घुमतो, आणि वाजवणारा श्वास घ्यायला थांबतच नाही. नाकाने हवा आत, गालाने बाहेर. तुम्ही नकळत स्वतःचाच श्वास रोखून धरता आणि कासावीस होता. विकणारा डोळे मिटून ऐकतो. मध्येच हात वर करतो, पावरी काढून घेतो, मेण अंगठ्याने दाबतो, पुन्हा देतो. सौदा असा तासभर चालतो, त्यात पैशाचा विषय शेवटच्या घटकेला निघतो. आजूबाजूला दहापंधरा माणसं फेर धरायच्या बेतात पाय हलवू लागलीत. त्यातला एक पाय तुमचा आहे.

परतताना गाडी हलकी आणि माणसं जड. पोरं पोत्यांवर आडवी झालीत. दिवस मावळतीला लागतो तशी गाडीवानाची जीभ बंद होते आणि बैल आपणहून पाय उचलतात. का, ते तुम्हाला आता कळतंय. झाडीत काहीतरी खसफसतं. कुऱ्हाड खांद्यावरून हातात आलीय.

पाड्याच्या शिवेवर वाघदेव उभा आहे. सागाचा कोरीव खांब, त्यावर चंद्र, सूर्य, नाग आणि वाघ. गुराखी पोरांनी दिवसभर घराघरांतून तांदूळ-गूळ मागून आणलाय आणि देवापाशीच तीन दगडांवर खीर रटरटतेय. एक माणूस मांडीत काशाची थाळी घेऊन बसलाय. थाळीला मेणाने एक काडी चिकटवलीय, तिच्यावरून तो ओली बोटं खाली ओढतो आणि थाळी गुणगुणते, आधी दूर, मग अगदी कानात. त्या सुरावर तो कणसरीची कथा लावतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी. ज्या नागलीने तुमच्या घशाला सकाळी ओरखडे काढले, ती हीच.

आता सावध. पोरं तुमच्याकडे बघून कुजबुजताहेत. वाघबारशीला कोणीतरी वाघ व्हायला लागतं, आणि गावातला कोणीही सहसा आनंदाने तयार होत नाही. बाहेरून आलेला, पायाने नाजूक, पळताना मजा आणेल असा पाहुणा आयता सापडलाय. तुम्ही ‘नको नको’ म्हणेपर्यंत तुमच्या तोंडाला राख आणि गेरूचे पट्टे ओढले जातात, कमरेला गवताचं शेपूट बांधलं जातं, आणि पंधरावीस पोरं काठ्या घेऊन गोल उभी राहतात. हसू नका, वाघ हसत नाही. जरा गुरगुरा. छान. डोसीला जमिनीवर बसून पोट धरून हसायला आलंय.

गावचा भगत, म्हणजे देवाचं करणारा, पुढे होईल आणि सगळ्यांदेखत तुम्हाला विचारेल, आमच्या शिवारात पुन्हा येशील का? आमच्या गाईला, वासराला, माणसाला हात लावशील का? उत्तर एकच आहे आणि ते ओरडून द्यायचं: नाही येणार! मनात काहीही असो, ‘येईन’ म्हणायचं नाही, त्यांची वर्षभराची गुरं या उत्तरावर चरणार आहेत. ते म्हटलंत की काठ्या जमिनीवर आपटतील, आरोळी उठेल आणि पोरं तुमच्या मागे लागतील. शीव समोरच आहे, ओढ्यापलीकडे. ती ओलांडलीत की तुम्ही तुमच्या काळात. अनवाणी आहात, काटे बघून पळा.

आणि खीर आधीच द्रोणात मागून घ्या. वाघाला नंतर कोणी वाढत नाही.